एका हाताने उघडणारा चाकू

इनास फर्नांडिसचा चाकू मे महिन्यात समुद्रात पडला आणि त्या दिवशी इनास जेवला नाही. कमरेच्या ज्या दोरीला तो बांधलेला असायचा ती दोरी कुजली होती. दोष दोरीचा, पण इनासने आधी समुद्राला शिव्या घातल्या, मग होडीला, आणि संध्याकाळी काही कारण नसताना बायकोला, डोरथीला. बत्तीस वर्षं वापरलेला घडीचा चाकू होता तो. नुसता अंगठा लावायचा अवकाश, की पातं बाहेर.

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर इनासची होडी आणि इनासचा नेम, दोन्ही सगळ्यांना ठाऊक. नेम असा, की ज्याला एका हाताने चाकू उघडता येत नाही त्याने जाळ्याच्या दोरावर बसायचं नाही. जाळं सोडताना दोर सुसाट जातो. त्यात पाय अडकला तर माणूसही जाळ्यामागून खाली. अशा वेळी एक हात धरायला लागतो, चाकूसाठी उरतो एकच.

हे इनासला कुणी शिकवलेलं नव्हतं. त्याचा धाकटा भाऊ सावेर असाच ओढला गेला, तेव्हा इनासच्या खिशात चाकू होता, पण दोन हातांनी उघडायचा. एका हाताने भावाचा दंड धरून त्याने पातं दातांनी ओढलं. पातं उघडलं तेव्हा दुसऱ्या हातात काहीच नव्हतं. त्याच आठवड्यात त्याने तो नवा चाकू घेतला. सावेरचा मुलगा केव्हिन तेव्हा रांगत होता. आता तेहतीस वर्षांचा बाप्या झालाय आणि दोरावर इनासच्या समोर बसतो.

तेव्हापासून होडीवर नवा माणूस आला की डावा हात पाठीमागे, उजव्यात मिटलेला चाकू. एकदाच बघायचं. जमलं तर दोर, नाही तर मागे बर्फाच्या पेट्या. गेल्या मोसमात दत्तप्रसाद नावाचा उंचापुरा गडी तीनदा झटला आणि तीनदा हरला. इनास सगळ्यांदेखत म्हणाला, "घराकडे जा नि बटाटे सोल." खलाशी पोट धरून हसले. दत्तप्रसाद मुकाट्याने बर्फाच्या पेटीशी जाऊन बसला, तो मोसमभर तिथेच. इनासची जीभ ही अशी. मनात पाप नाही म्हणतात लोक, पण लागायचं ते लागतंच.

तर जुलै सरता सरता इनास डोरथीला घेऊन बाजारात जितेंद्रच्या हार्डवेअरच्या दुकानात गेला. मासेमारी सुरू व्हायला आठवडा होता.

"पातां स्टेनलेस होया," इनासने सुरुवात केली. "खाऱ्या पाण्यात गंजता कामा नये. उघडल्यार लॉक पडूक होयो, नायतर माझीच बोटां जातली. दोरी ओवूक भोक होया. आणि माका शोकेसात ठेवूचो नाय, तेवा किंमत बेतान सांग."

जितेंद्रने काउंटरवर चाकू मांडले. पहिल्याचं पातं हलेना. "घट्ट आसा." दुसऱ्याला अंगठ्यासाठी बारीक गुंडी होती, इनासचा अंगठा तिच्यावरून सटकला. "ह्यो पण घट्ट." तिसरा, चौथा, पाचवा. सहाव्याला तर त्याने ओल्या हातानं बघतो म्हणून पाणी मागितलं. सातवा चाकू त्याने काउंटरवर आपटला.

"काय माल विकतंस रे! एक चाकू धड नाय!"

"इनासबाब, हेच चाकू अख्खो किनारो घेता," जितेंद्र कसंनुसं हसला.

डोरथीच्या एका हातात भाजीची पिशवी होती. मागे लोक खोळंबले म्हणून पसारा आवरायला तिने दुसऱ्या हाताने नारिंगी मुठीचा चाकू उचलला, सहज अंगठा लावला, आणि खट्‌कन पातं उघडलं. तिने तो मिटला. दुसरा उचलला. खट्. तिसरा. खट्. असे सातही.

इनास आ वासून बघत राहिला. जन्मभर कोळंबी सोलणारी बाई ती, तिच्या अंगठ्यात जोर असायचाच, पण सात चाकूंपैकी एकही घट्ट नव्हता. मग घट्ट होतं काय? तो दुकानाबाहेर येऊन उभा राहिला. नारिंगी मुठीचा चाकू घेऊन डोरथी मागून आली, तेव्हाही तो आपल्या अंगठ्याकडेच बघत होता. बुडाशी चांगलाच सुजला होता. हे कधी झालं?

"माझो जुनो चाकू बरो उघडायचो," तो म्हणाला. "मे म्हयन्यापर्यंत उघडायचो गो."

डोरथीने पिशवी खाली ठेवली. "दर आयताराक चर्चात मिसाक जाऊच्या आधी मी तेका तेल घाली होतंय. आणि पात्याचो खिळो लोहाराकडसून ढिलो करून हाडललंय. दोन वर्सां झाली."

दोन वर्षं! दोन वर्षं तो केव्हिनच्या समोर दोरावर बसत होता, आणि मध्ये होतं ते फक्त बायकोने घातलेलं तेल. एखाद्या रविवारी ते राहिलं असतं तर?

"आणि माका सांगूक नाय?"

"सांगललंय तर तुमी आयकतलात?" डोरथीचे डोळे भरले. "माका वाटला, दोर सुटलो तर तुमचो जीव वाचात."

माझा वाचेल, आणि केव्हिनचा? इनासच्या मनात आलं. घरी आल्यावर सहा दिवस तो परसात विहिरीपाशी बसून नव्या चाकूशी झुंजला. अंगठ्याचं कातडं सोललं. एकदाच पातं अर्धं उघडलं आणि लहान मुलासारखा आनंद झाला त्याला. पुन्हा काही ते जमलं नाही. तेलाची बाटली डोरथीने न बोलता पायरीवर आणून ठेवली होती. इनासने ती परत आत नेऊन ठेवली.

मोसमाच्या पहिल्या सकाळी पाद्रीबाब होडीवर तीर्थ शिंपडून गेले. खलाशी चढायला लागले. इनासला कुणी काही विचारणार नव्हतं. होडी त्याची, नेम त्याचा. केव्हिन दोराशी जाऊन बसलासुद्धा.

"थांबा रे," इनास म्हणाला. वाळूत उभं राहून त्याने डावा हात पाठीमागे नेला आणि नारिंगी चाकू वर धरला. खलाशांना आधी थट्टाच वाटली. अंगठा सटकला. पुन्हा सटकला. तिसऱ्यांदा चाकूच वाळूत पडला, आणि सगळ्यांची तोंडं पांढरी पडली. केव्हिन होडीतून उडी मारून खाली आला.

"काका, ऱ्हवांदे. तुमका कोण इचारता?"

"तुझ्या बापायसाठी नेम केललंय तो," इनास म्हणाला. त्याने चाकू उचलला, वाळू झटकली आणि बर्फाच्या पेट्या उचलणाऱ्या दत्तप्रसादपुढे धरला. "उघड."

दत्तप्रसादने पेटी खाली ठेवली. डावा हात पाठीमागे नेला. खट्.

इनास हबकला. "कधीपासना येता तुका?"

"गेल्या दिवाळीपासना."

"मगे बोललंस कित्याक नाय?"

दत्तप्रसादने पातं मिटवलं. आवाजात राग नव्हता, तेच इनासला जास्त लागलं.

"तुमी परत इचारलातच नाय."

इनासने चाकू परत घेतला नाही. दत्तप्रसाद दोरावर जाऊन बसला, केव्हिनच्या समोर. होडी पाण्यात लोटली तेव्हा इनास मागे बर्फाच्या पेटीवर बसला होता, अंगठा मुठीत धरून.