नानासो पायपरचा अल्बम

नानासो काळी पत्र्याची पेटी घेऊन रस्त्याला लागला, की कुंडलकडच्या वस्तीवरची माणसं रामराम घालायच्या आधी विचारतात, "कोण गेलं रं नाना?" बरं, पेटी नसली तरी विचारतात. एकदा गडी डोक्यावर दळणाचा डबा घेऊन गिरणीकडं निघाला होता. मेंढरंवाल्या बिराप्पानं त्याला लांबनं बघितलं, मेंढरं थांबवली, पायातली पायताणं काढली आणि हात जोडूनच विचारलं, "कुणाचं घर म्हनायचं?" आता ह्याला काय सांगायचं? नानासो म्हणाला, "ज्वारीचं दळण हाय बाबा," आणि पुढं गेला. घरी येऊन मात्र डबा असा आपटला, की झाकण अंगणभर फिरलं.

नानासो मराठा पलटणीच्या पाइप बँडात होता. इंग्रज गेला, पण जाताना हे वाद्य आपल्या पोरांच्या काखेत देऊन गेला. पिशवीत फुंकर भरायची, काखेनं दाबायची, बोटांनी सूर काढायचा. खांद्यावर तीन भोंगे आपले अखंड घुमत राहतात. वस्तीवरच्या बायका त्याला पिशवीची सनई म्हणतात. बँडाचा एक कायदा असतो. पाइप कितीही असू द्यात, ऐकणाऱ्याला एकच वाजतोय असं वाटलं पाहिजे. एखाद्याचा सूर वेगळा निघाला, की बँडाचा म्होरक्या पाइप मेजर मान वळवून बघणार, आणि संध्याकाळी त्याची हजेरी घेणार. नानासोचा सूर सगळ्या नोकरीत कधी वेगळा निघाला नाही, म्हणून त्याला कुणी कधी ऐकलंही नाही. हे त्याला आत कुठंतरी सलत होतं.

सुट्टीवर आला, की तो आई मुक्ताबाईच्या ओव्या पाइपवर बसवायचा. घरात वाजवायला लागला की मांडणीवरची भांडी हलायची, म्हैस पान्हा चोरायची आणि बायको हात जोडायची, "आवं, जावा की तिकडं उसात." मग तो उसाच्या बांधावर जाऊन वाजवायचा. त्याच्या मागनं पळत यायची ती एकटी संयोगिता, त्याची लेक. तिला हळदीची ओवी लय आवडायची.

हळद दळिते बाई, पिवळे झाले हात,
लेकीच्या दारी आली पाव्हण्यांची वरात.

"पप्पा, माझ्या हळदीला तुम्ही हेच वाजवायचं," ती म्हणायची. "दुसरं काही नको." नानासो म्हणायचा, "वाजीवतो की." लहान पोरीला दिलेला शब्द आपण विसरतो. नानासो विसरला नाही, आणि तीही विसरली नाही.

पेन्शनीत आल्यावर त्यानं ठरवलं, आयुष्यात एकदा एकट्यानं वाजवायचं आणि ते लोकांनी ऐकायचं. सांगलीला ऋषिराजचा स्टुडिओ होता. त्याचं पोट चालायचं पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या गाण्यांवर, पण भिंतीवर फोटो होता लांब केसांच्या, गिटार घेतलेल्या एका विलायती रॉकवाल्याचा. नानासोनं विचारलं, "ह्यो कोण?"

"ह्येचा लय मोठा बँड हुता, नाना. बँड सोडून ह्यानं एकट्यानं अल्बम काढला. जीव वतला त्यात. लोकं काय म्हणाली ठावं हाय? म्हणली, चांगला हाय, पर बँड परत कवा चालू करतोस?"

"मग?"

"मग काय! लोकास्नी पायजे तेच वाजवत बसला म्हातारा हुईस्तवर."

नानासो खदखदून हसला. "आपलं तसं व्हायचं न्हाई गड्या. आपल्याला बँडात तरी कोण वळखत हुतं?"

अल्बममध्ये हळदीची ओवी पहिली. मग बारशाचं, मग मळणीचं, मग नागपंचमीच्या झोक्याचं. रडायचं असं त्यात एक नव्हतं. नाव ठेवलं 'एकट्याचा सूर'. ऋषिराजनं यूट्यूबवर चढवला आणि वर फोटो लावला नानासोचा वर्दीतला, मागं तिरंगा. नानासो म्हणाला, सदऱ्यातला लाव. ऋषिराज म्हणाला, सदऱ्यातल्या माणसाचं कोण ऐकतंय? झालं! तिथंच माती खाल्ली.

पहिले काही महिने कुत्रं विचारत नव्हतं. मेव्हणा म्हणाला, "भारी हाय, पर ह्यात बोल कुठायत?" पलटणीतला दोस्त म्हणाला, "नान्या, बँडात जास्त शोभायचास." मुक्ताबाईनं मोबाईल कानाला लावून सगळं ऐकलं आणि म्हणाली, "ओवी माजीच हाय रं, पर लय दमानं चाललीया. बाई जात्यावर डुलक्या घेतीया का?" संयोगिता तेवढी येता-जाता तीच ओवी लावायची, कॉलेजच्या एसटीतसुद्धा.

मग त्या हिवाळ्यात शेजारच्या तालुक्यातला एक जवान बर्फात गेला. सगळा मुलूख हळहळला. त्याच्या अंत्ययात्रेच्या व्हिडिओला कुण्या पोरानं मागं संगीत म्हणून काय जोडावं? नानासोची हळदीची ओवी! पाइप, वर्दी, तिरंगा. त्याला वाटलं हे असल्याच कामाचं असणार. तो व्हिडिओ असा पसरला की विचारू नका. पंधरवड्यात प्रत्येक श्रद्धांजलीला तीच ओवी. माजी सैनिकाला तीच, सरपंचाच्या आईला तीच, आणि इस्लामपुराकडं शर्यतीचा बैल मेला, त्यालाही तीच. स्वर्गरथाच्या भोंग्यावर बाकीचं सगळं बंद झालं आणि नानासो चालू झाला.

अल्बमखाली प्रतिक्रियांचा नुसता पाऊस. 'अंगावर काटा आला.' 'डोळ्यांतलं पाणी थांबेना.' आणि वर्दीतला फोटो बघून निम्म्यांनी लिहिलं, 'वीर जवान अमर रहे.' जतची मावशी एसटीनं रडत रडत आली. दारात नानासो चहा पीत बसलेला. त्याला बघून तिनं आणखी मोठ्यानं गळा काढला. मुक्ताबाई म्हणाली, "अगं, जित्ता हाय त्यो!" तर मावशी म्हणते, "दिसतंय की मला! पर जतपासनं आणल्यालं रडू आता कुटं ठिवू?"

हसण्यावारी न्यायचे ते दिवस लवकर संपले. ऋषिराज फोनवर नाचत होता, "नाना, लाखांनी ऐकलंय!" मुक्ताबाईनं फोन हिसकून घेतला. "ऐकलंय न्हवं, माजी हळद मड्याला फासलीया तुमी!"

आणि बोलावणी सुरू झाली. लग्नाचं आवतण माणूस टाळू शकतो. मयताला नाही म्हणून गावात कसं राहायचं? दारात जीप उभी राहायची, आतला माणूस हात जोडायचा, "म्हाताऱ्याची लई इच्छा हुती, नाना." मग पेटी उचलायची. उसाला पाणी लावायचं राहिलं, तरी उचलायची. जुना मित्र दवाखान्यातनं घरी आला म्हणून नानासो फळं घेऊन भेटायला गेला, तर त्याच्या सुनेनं दारातच हात आडवा केला. "मामा, तुमी नगासा आत येऊ. त्यास्नी उगं शंका यील." नानासो केळी ओट्यावर ठेवून परत आला.

यातनं सुटायला त्यानं आणखी एक धून काढली. हलगी लावली, ताल असा, की बसलेला माणूस उठावा. लोकांनी काय म्हणावं? 'हे तुम्हाला शोभत नाही.' 'जवानांची तरी लाज धरा.' एकानं लिहिलं, 'पहिला कलाकार गेला, हा कोण त्याच्या नावावर धंदा करतोय?' नानासोनं ते तीनदा वाचलं आणि धून काढून टाकली. बँडात गप होता तेच बरं होतं, असं त्याला पहिल्यांदा वाटलं.

संयोगिताचं लग्न ठरलं ते याच दिवसांत. मुलगा शंभूराज, इस्लामपूरच्या बाजूचा, कारखान्यावर नोकरीला. घर चांगलं, माणसं सरळ. शंभूराजचे आजोबा नाथाजीआबा जुने सुभेदार. ते नानासोला बघून खूश झाले. सुपारी फुटायच्या आधी विहीणबाई शालूबाईंनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "पाव्हणं, राग धरू नगा. बाकी आमची कायबी अट न्हाई. फकस्त लग्नात त्ये पिशवीचं वाजवू नगा. आमच्या घरातलं पयलं कार्य हाय. त्ये ऐकलं की माणसाला आपापलं मेल्यालं माणूस आठवतं."

नानासोला बोलता आलं असतं. ती हळदीचीच ओवी आहे, माझ्या आईची आहे, लग्नातच म्हणतात, एवढं सांगायला कितीसा वेळ लागतो? पण समोर शालूबाईंचे हात जोडलेले. आणि खरं सांगायचं तर त्यालाही मनात चाटून गेलं होतं, की पोरीच्या हळदीत आपण वाजवावं आणि पुढं काही वाईट झालं तर? त्यानं मान हलवली. "न्हाई वाजवत."

पाव्हणे गेल्यावर संयोगिता आतनं बाहेर आली. "मला विचारलं का कुणी? शब्द मला दिला होता तुम्ही. त्यांना काय वाटायचं ते वाटू दे, तुम्हाला काय वाटतं? तुमचं वाजवणं अपशकुनी आहे असं वाटतं तुम्हाला?"

"तसं न्हवं गं पोरी."

"मग कसं?"

 हळदीच्या दिवशी डीजे लावला. भिंती थरथरत होत्या. पाटावर बसलेल्या संयोगितानं पिवळ्या अंगानं बापाकडं एकदाच बघितलं, आणि मग सगळा वेळ खालीच. नानासोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुण्यांना सरबत वाटायच्या निमित्तानं तो मांडवाबाहेर गेला, तो पोरगी आत जाईपर्यंत आलाच नाही.

दिवाळीनंतर नाथाजीआबा गेले. सकाळी इस्लामपूरकडनं गाडी आली. व्याह्यांनी, आण्णांनी, निरोप धाडला होता, की आबांनी मरताना एकच सांगितलं, नानासोनं मला वाजवून पोचवायचं. तो गाडीत बसताना मुक्ताबाई म्हणाली, "पोरीच्या दारात पयल्यांदा जातोयस, आन ह्ये घिऊन!" नानासोनं पेटी मांडीवर घेतली. पण खोटं कशाला बोलायचं? त्या दुःखातही नानासो थोडा सुखावला होता. लेकीच्या अंगणात वाजवायला मिळणार होतं. कसंही का होईना, तिच्या कानावर पडणार होतं.

अंगण माणसांनी भरलेलं. माजी सैनिक रांगेत उभे. नानासोनं पेटी उघडली, पिशवी काखेत घेतली आणि बायकांच्या घोळक्यात नजर टाकली. संयोगिता दिसेना. शालूबाई डोळे पुसत जवळ आल्या.

"संयोगिता कुटं हाय?"

"गोड बातमी हाय, पाव्हणं," त्या पदराआडनं म्हणाल्या. "दिवस गेल्यात तिला. आज-उद्या कळवणारच हुतो, तवर ह्ये झालं. गरवार बाईच्या कानावर तुमचं वाजणं पडू नये म्हून सकाळीच तिला मळ्यातल्या घरात धाडलीया. दारं-खिडक्या लावून बस म्हटलंय."

मळ्यातलं घर अंगणातनं दिसत होतं. मधी एक ओढा आणि उसाचा फड. पाइपाला हळू वाजवणं ठाऊकच नसतं. वाजला तर पुरा वाजतो, नाहीतर गप्प. लावलेल्या खिडकीला तो काय ऐकतोय? नानासोला आजोबा होणार म्हणून हसूही फुटेना, आणि रडावं तर लोक म्हणणार आबांसाठीच रडतोय. हात-पाय बांधून घातल्यासारखा तो उभा राहिला. वाजवावं तर पोरीच्या पोटातल्या जिवावर मयताची सावली. न वाजवावं तर मेलेल्या म्हाताऱ्याचा शब्द मोडतो, आणि साऱ्या गावादेखत व्याही खाली बघतो.

"घ्या, पाव्हणं," आण्णा म्हणाले.

नानासोनं नळी तोंडाला लावली. एकदा फुंकर भरली. मग नळी काढली, बोटांनी उगीच चाचपली आणि म्हणाला, "आण्णा, पत्ती फुटलीया. आता वाजायचं न्हाई."

सूर काढणारी ती पत्ती चांगली ठणठणीत होती. अंगणात कुजबूज झाली. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याचं नशीबच तसलं. कुणी म्हणालं, नाव झालं की माणूस असाच वागतो. आण्णांनी तोंड फिरवलं. नानासोनं पिशवी पेटीत कोंबली, पुढं झाला आणि तिरडीला खांदा दिला. ओढ्यापर्यंत त्यानं खांदा बदलू दिला नाही.

घरी येऊन आंघोळ केली, तेवढ्यात फोन वाजला. संयोगिता होती. नानासोनं तिला आधी तोंड भरून आशीर्वाद दिला. जड उचलू नगंस म्हणाला, आंबट खाऊ वाटलं तर सांग म्हणाला. ती 'हो हो' करत राहिली. मग म्हणाली, "पप्पा, आज काहीच ऐकू आलं नाही."

"वाजीवलंच न्हाई पोरी. तुला तरास नगं म्हून. पत्ती फुटली म्हणून सांगितलं त्यास्नी." त्याला वाटलं, आता तरी हिला बरं वाटेल. लग्नातलं थोडं तरी फिटलं.



"खिडकी लाव म्हणाल्या होत्या सासूबाई," संयोगिता म्हणाली. "त्या गेल्या आणि मी उघडली. सकाळपासनं पोटावर हात ठेवून तिथंच बसले होते पप्पा. म्हटलं, लग्नात नाही, निदान आज तरी."