मंचरच्या हॉटेलात दिसणारी लेक

निरगुडसरच्या कुशाबाईचं जुनं गाव डिंभे धरणात गेलं, तेव्हा माणसांनी वाजतगाजत देव हलवले. तिची तान्ही पोर मात्र तिथंच, घरामागच्या उंबराखाली पुरलेली. वर दगड, दगडावर बाभळीच्या काट्या.

"हिलाबी नेऊ या," ती म्हणाली.

"माती झाली तिची. मातीला काय हलवायचं?" सासरे म्हणाले.

पाणी चढलं. पोर भिजत असंल, हा घोर कुशाबाईला तेव्हापासून लागला. नव्या घरात पाऊस लागला की ती स्वतःच्या अंगावरचं पांघरूण काढून टाकी.

दोन हजार आठच्या सुमाराला तिचा मुलगा ऋषी पुण्याला कंपनीत लागला, लॅपटॉप मिळाला. गावात नेट नव्हतं. मंचरला हायवेवरच्या हॉटेलात चहा घेतला की वायफाय फुकट. एका रविवारी त्यानं आईला तिथं नेलं आणि आकाशातनं काढलेला बुडाल्या गावाचा फोटो उघडला. चौकोन चौकोन करत तो उमटला. उन्हाळ्यातला फोटो; पाणी उतरलेलं, भिंतींच्या रेघा वर आलेल्या. कुशाबाईचं बोट काचेवर फिरत फिरत थांबलं.

"हितं. बघ रं, सुकलीय जागा."

"आई, फोटो जुना हाय. आत्ता तिथं पाणी हाय."

तिनं ऐकलंच नाही.

मग दर रविवारी तेच. हॉटेलवाला चिमाजी हसायचा.

"काय मावशी, लेकीला बघाया आला व्हय? कुठं असती, अमेरिकेला?"

"न्हाई ओ भाऊ. डिंभ्याला."

"आन् डिंभ्याची लेक कम्प्युटरात बघता? यष्टीत बसा की राव, तासाभरात भेटल!"

ऋषी खाली कपात बघत राहिला.

श्रावणात एकदा फोटो उघडला तो सगळा काळा-हिरवा. भिंती नाहीत, काही नाही.

"पाणी कुणी सोडलं रं?"

"आई, नवा फोटो टाकलाय त्यांनी. लई बघू नको." त्यानं झाकणाला हात घातला. तिनं मनगट धरलं.

"मिटू नगं. आंधारात एकटी पडंल."

उघडा लॅपटॉप मांडीवर घेऊन, वर पदर धरून ती मोटारसायकलवर मागं बसली. हॉटेल मागं पडलं, नेट तुटलं; पडद्यावर पाणी तसंच राहिलं आणि त्या पाण्यावर तिचं बोट. गावाच्या अलीकडं बॅटरी संपली. आरशात ऋषीला तिच्या तोंडावरचा पडद्याचा उजेड विझलेला दिसला. त्यानं गाडी थांबवली.

"आई—"

"हळू बोल," पदर सारखा करत ती म्हणाली. "आत्ताच निजलीय."