सॅम्युएलच्या कादंबरीवर माझी लाल शाई

आज सकाळपासून मला चैन नाही.

माझा जुना विद्यार्थी सॅम्युएल आता पुण्यात खराडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने स्वतःची विज्ञानकादंबरी मला वाचायला दिली होती. परग्रहावर उतरलेले शास्त्रज्ञ उत्क्रांती नाकारून देवाची निर्मिती मान्य करतात, अशी गोष्ट. मी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. पानोपानी लाल शाईने चुका दाखवून कारणं लिहिली.

आज सकाळी तो हस्तलिखित न्यायला आला. पानं चाळून हसला.

"बाई, नववीत मी विचारलं होतं, बायबल खरं की उत्क्रांतीचा धडा? तुम्ही म्हणालात, 'परीक्षेला नाही, खाली बस.' उत्तरासाठी अख्खी कादंबरी लिहावी लागली बघा!"

चुका चुकाच आहेत. पण प्रश्न चूक नव्हता.

माझ्या इतर विद्यार्थ्यांनो, तुम्हालाही असंच खाली बसवलं होतं का? तो प्रश्न इथे लिहा. आज उत्तर देईन.