अम्मीचं रोमन नाणं

नाणी जमवणाऱ्या आम्हा हौशी मंडळींच्या बैठकीत प्रत्येकानं आपलं सर्वांत लाडकं प्राचीन नाणं दाखवायचं होतं. मी आदल्या दिवशी माझं तांब्याचं ग्रीक नाणं चिंचेनं घासून लख्ख केलं. जुन्या नाण्यावरचा काळपटपणा हीच त्याची इभ्रत असते, हे मला तिथं सगळे गप्प झाल्यावर कळलं.

शेजारी बसलेले पडेगावचे एक वृद्ध गृहस्थ तेवढे म्हणाले, "होतं असं, भाई. लाडानंच केलं ना?"

मग त्यांनी सुरम्याच्या डबीतून, कापसात ठेवलेलं चांदीचं रोमन नाणं काढलं. ते ज्याच्या हाती देत, त्याच्या तळव्याखाली आपला दुसरा हात धरत. नाण्याला वरच्या बाजूला भोक होतं.

"चेहरा रोमच्या बादशहाचा, पण भोक आमच्या अम्मीचं. जन्मभर तिच्या गळ्यात होतं. माझ्यामागं सांभाळणारं कुणी नाय. भोक बुजवणार नसंल त्यानं फुकट न्यावं."

"चाचा, भोकानं नाणं वाया गेलं की! बुजवूनच घ्यावं लागंल," एकजण म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. माझा हात पुढं होणार होता, पण माझ्या हाती कोण नाणं सोपवणार? चाचांनी डबी मिटली, झाकण दोनदा दाबून पाहिलं आणि सलाम करून गेले.

घरी बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "अल्बममध्ये नाणी ठेवणाऱ्यांना कशाला विचारलं त्यांनी? गळ्यात घालणारी कुणी शोधायची."