वहीतले वीस लिटर

रविवार, १६ नोव्हेंबर २०२५. पहाटे फजरला उठले. गुडघा बरा. हवा कोरडी. मांजरीला दूध. घराची चावी शेजारी काशिफाकडे दिली. गाडीत वीस लिटर पेट्रोल भरले. साडेअकराच्या फेरीबोटीने दिघीहून आगरदांडा. कमळला भेटायला रेवदंड्याला.

हे लिहिले तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि यातले निम्मे अजून घडायचे होते. मांजर झोपलेली होती, चावी कडीला होती आणि पेट्रोल पंपाच्या पोटात होते.

अख्तरुन्निसाने असे कधी केले नव्हते. मुंबईच्या कॉन्व्हेंटमध्ये, वसतिगृहात असताना, सिस्टरने तिला दहाव्या वर्षी पहिली वही दिली आणि एकच गोष्ट बजावली होती : घडले ते लिही, घडावेसे वाटते ते लिहू नकोस. तेव्हापासून चौसष्ट वर्षे तिने तो नियम पाळला. बोर्ली पंचतनच्या घरात लोखंडी पेटीभर वह्या होत्या. नवरा अब्दुस्समद जहाजावर इंजीनखात्यात असे. तो सुटीवर आला की आधी जेवायचा आणि मग मागच्या आठ महिन्यांत घरात काय झाले ते वहीत वाचायचा. "तोंडी विचारलं तर तू मोठं करून सांगशील," म्हणायचा.

पण आज तिच्या जिवाला थारा नव्हता. संध्याकाळी दमून आल्यावर लिहिणे व्हायचे नाही, म्हणून सकाळीच उरकले. साडेतीन वाजता कमळची टॅक्सी सुटणार होती. टॅक्सी मुंबईला, तिथून रात्रीचे विमान, ते मुलीकडे कॅनडाला. घराला कुलूप. कमळ काही परत येणार नव्हती. दोघींनी ते फोनवर एकदाही म्हटले नव्हते.

कमळ त्याच वसतिगृहातली, शेजारच्या खाटेवरची. रेवदंड्याच्या नारळीच्या वाडीतली मुलगी. १९९९ साली अब्दुस्समद जहाजावरून कायमचा उतरला आणि कुणाच्या तरी बंगल्यात धूळ खात पडलेली लाल विलायती गाडी घेऊन आला. दोन माणसांची, कापडी टपाची, जमिनीला टेकलेली. गावातल्या पोरांनी तिचे नाव ठेवले बेडकी. तेच टिकले. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी अख्तरुन्निसा त्या बेडकीवर गाडी शिकली. दुसरी कुठली गाडी तिला आजही येत नाही.

कमळला या गाडीत बसायचे होते. आधी तिच्या नवऱ्याला ते बरे दिसेना. मग सासू अंथरुणाला खिळली, मग नवरा गेला, मग गुडघे. दर वेळी "पुढच्या खेपेला." परवा मात्र तिने फोनवर सुनावले, "बेडकी घेऊन ये. रिक्षातून येणार असशील तर येऊच नकोस."

म्हणून बेडकी निघाली.

पंपापाशी वऱ्हाडाच्या तीन बस आणि टेम्पोंची रांग होती. अकरा वाजत आले होते. फेरीबोट गाठायची तर थांबून चालणार नव्हते. पुढे मुरूडला भरू, असे म्हणत अख्तरुन्निसा रांगेशेजारून निघून गेली. फेरीबोटीत गाडी चढवली, समोर खाडी सरकू लागली, तरी तिचे लक्ष घड्याळात. हाताला चाळा म्हणून तिने वही उघडली. बेडकीचा पेट्रोलचा काटा गाडी आली तेव्हापासून मेलेला होता. अब्दुस्समदने तो हयातभर दुरुस्त केला नाही. "काटा कशाला? तुझी वही आहे ना." कधी किती भरले, किती किलोमीटर झाले, सगळे वहीत. दहा किलोमीटरला एक लिटर. सव्वीस वर्षांत तो हिशेब चुकला नव्हता. वहीत लिहिले होते, वीस लिटर. तिने आधीचे चार मिळवले आणि निर्धास्तपणे वही मिटली.

मुरूड गेले. नांदगाव गेले. काशीदच्या अलीकडे, चढावर, बेडकीने दोन आचके दिले आणि ती गप्प झाली. एक वाजून दहा मिनिटे.

तिने चावी फिरवली. पुन्हा फिरवली. उतरून बॉनेट उघडले, अब्दुस्समद बघायचा तसे आत बघितले, आणि आपल्याला त्यातले काही कळत नाही हे तिला नव्याने कळले. कमळला फोन लावला. रेंज एक काडी होती.

"कुठे आहेस गं?" कमळ ओरडली. फोनवर ती नेहमी ओरडूनच बोले.

"काशीदच्या घाटीत. गाडी बंद पडलीय."

"आजच? टॅक्सीवाला आत्ताच येऊन बसलाय, चहा पितोय. साडेतीन म्हणजे साडेतीन, असं जावयाने त्याला बजावलंय." मग जरा खालच्या आवाजात, "येशील ना?"

"येते," अख्तरुन्निसा म्हणाली, आणि रेंज गेली.

पंधरा मिनिटांनी वरून गुरगुर ऐकू आली. पिवळीधमक, चपटी, नवी स्पोर्ट्स कार वळणावरून आली. तिच्यामागे हिरवी जुनी जीप. दोन्ही गाड्या बेडकीला ओलांडून गेल्या, थांबल्या आणि उलट्या मागे आल्या. पिवळ्या गाडीतून एक मुलगी आणि तिचा नवरा उतरले. जीपमधून साठीचा एक आडदांड माणूस. तिघेही आधी अख्तरुन्निसाकडे न बघता बेडकीकडे बघत राहिले. देवळात गेल्यासारखे.

"आजी, ही तुमची आहे?" मुलगी म्हणाली. "सॉरी हां. नमस्कार. मी प्राप्ती, हा माझा नवरा दिपेश. आम्ही पनवेलचे. रविवारी गाड्या घेऊन फिरतो. हे चांगदेवदादा, आमच्या ग्रुपचे सगळ्यात सीनियर."

"शिनियर म्हंजे म्हातारा," चांगदेव म्हणाला. पेणकडचा माणूस. बापजाद्यांनी मिठागरात मीठ ओढले, त्याने डंपर चालवले, आता त्याचे चार डंपर होते आणि वेड मात्र जुन्या गाड्यांचे. त्याने वाकून गाडीखाली नजर टाकली. "आजी, टाकीन पेट्रोल हाय ना?"

अख्तरुन्निसा ताठ झाली. "आज सकाळी वीस लिटर भरलंय." तिने वही काढून पान त्याच्यापुढे धरले.

चांगदेवने ते सुबक, एका रेषेतले अक्षर बघितले. "लिवलंय म्हंजे हाय," तो म्हणाला, आणि विषय संपला.

मग दिपेशने बाह्या सरसावल्या. इंजिनापर्यंत पेट्रोल पोचत नाही, म्हणजे पंप गेला किंवा पाइप चोंदला. त्याने मोबाइलवर कुठल्याशा परदेशी माणसाचा व्हिडिओ लावला, तो गाडीच्या टपावर ठेवला आणि पंप सोडवला. प्राप्ती पाने-पक्कड पुरवू लागली. चांगदेवने जीपमधली चादर आणून रस्त्यावर अंथरली आणि काढलेला एकेक नट तिच्यावर ओळीने मांडला.

"घरचा नळ तीन महिने गळतोय," प्राप्ती अख्तरुन्निसाला म्हणाली, "त्याला हात लावत नाही."

"नळ साठ वर्षांचा झाला की लावीन," दिपेश गाडीखालून म्हणाला.

अख्तरुन्निसा हसली नाही. ती दहा पावले वर जाई, रस्ता बघे, दहा पावले खाली येई. दोन वाजले. सव्वादोन. पंप ठीक निघाला. अडीच. पाइप सोडवून चांगदेवने फुंकला, वारा आरपार.

"आजी, माझ्या गाडीत बसा," प्राप्ती म्हणाली. "अर्ध्या तासात रेवदंड्याला सोडते. हे दोघं मागून घेऊन येतील."

अख्तरुन्निसा पिवळ्या गाडीपर्यंत गेली. दारात एक पाय टाकला. कमळ दिसेल. निरोप तरी होईल. पण बेडकी इथे उघड्या पोटाने पडून राहील, आणि कमळ म्हणेल, आलीस? बरं झालं. आणि एवढेच म्हणेल. तिने पाय बाहेर काढला. मग पुन्हा आत टाकला. प्राप्ती चावी हातात घेऊन उभी राहिली.

तेवढ्यात मागे टक्टक् ऐकू आले. चांगदेव बेडकीच्या मागच्या बाजूला उकिडवा बसून पेट्रोलच्या टाकीवर बोटाने वाजवत होता, शहाळ्यात पाणी आहे का बघतात तसे. त्याने कान लावला. "दिपेश, गारी हलव रं जरा." दिपेशने गाडी हलवली. चांगदेवने पुन्हा कान लावला. मग तो उठला, आणि काही बोलायच्या आधी त्याने टोपी काढून डोके खाजवले.

"आजी," तो फार हळू म्हणाला, "यान काय नाय. कोरडी ठाक हाय."

"असं कसं होईल? वहीत..."

ती थांबली. वऱ्हाडाच्या बस. टेम्पोंची रांग. मुरूडला भरू. सगळे एकदम समोर आले. पेट्रोल संपल्याचे काही नाही, कुणाचेही संपते. पण चौसष्ट वर्षे तिने वहीवर विश्वास ठेवला होता, आणि वही तिच्याशी खोटे बोलली होती. म्हणजे ती स्वतःच.

"मी भरायच्या आधीच लिहिलं," ती म्हणाली. "भरलंच नाही. तुमचे दीड तास मी वाया घालवले. मुलांनो, माफ करा."

दिपेश गाडीखालून बाहेर आला. कोपरापर्यंत काळा. त्याने अख्तरुन्निसाकडे पाहिले, हातातल्या पाइपकडे पाहिले. "आजी, साठ वर्षांची विलायती गाडी मला कुणी हात लावू देत नाही. तुम्ही तर आख्खी उघडायला दिलीत. वाया कुठे गेले?"

"चूक माझी हाय," चांगदेव म्हणाला. "चाळीस वर्सं डंपरवाल्यांना सांगतंय, कागद बघू नका, टाकी बघा. आन मीच अक्षराला भुललो."

तेव्हा ती हसली. डोळे पुसत हसली. तीन वाजायला दहा मिनिटे होती.

पिवळीच्या टाकीला आतून जाळी, तिच्यातून पेट्रोल निघेना. जीप डिझेलवर. चांगदेव जीप दामटत काशीदला गेला आणि पंक्चरवाल्याकडून पाण्याच्या दोन-दोन लिटरच्या तीन बाटल्या पेट्रोल घेऊन आला. इकडे दिपेश चादरीवरचा एकेक नट पुन्हा जागेवर बसवत होता. त्याला घाई करता येत नव्हती. प्राप्तीने अख्तरुन्निसाला विचारले, "तुमच्या मैत्रिणीचं घर नेमकं कुठे? गल्ली केवढी आहे?"

अख्तरुन्निसाने घराची खूण सांगितली. "गल्ली अरुंद. दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे गडगे. एक गाडी जेमतेम जाते. का?"

"सहज," प्राप्ती म्हणाली, आणि धूळ उडवत निघून गेली.

बेडकी सुरू झाली तेव्हा साडेतीनला तीन मिनिटे कमी होती. पुढे जीप, जीपमध्ये दिपेश, मागे बेडकी. अख्तरुन्निसाने तेवढ्या वेगाने ती कधी चालवली नव्हती. कोर्लईचा किल्ला डावीकडे आला आणि गेला. साळावचा पूल लागला, खाली रेवदंड्याच्या होड्या. टॅक्सी गेली असेल. अलिबागच्याही पुढे गेली असेल. जीप गल्लीच्या तोंडाशी बाजूला थांबली. चार वाजून सात मिनिटांनी तिने कमळच्या गल्लीत गाडी घातली आणि करकचून ब्रेक दाबला.

गल्ली बंद होती. पिवळी गाडी तिरकी, नाक या गडग्याशी आणि शेपूट त्या गडग्याशी, बाजूने माणूस जेमतेम जाईल एवढी फट. पुढचे बॉनेट उघडे. तिच्या पलीकडे बॅगा लादलेली टॅक्सी आणि टॅक्सीचा संतापलेला ड्रायव्हर, येसाजी नावाचा, बॉनेटात डोके घालून उभा.

"मॅडम, यात इंजिनच नाही! एक पर्स आहे आणि चपला आहेत!"

"तरीच चालत नाहीये," प्राप्ती म्हणाली. "बघा ना काका नीट, कुठे पडलं असेल?"

"इंजिन पडतं काय कुठे?" येसाजी म्हणाला. मग त्याने मागे थांबलेली बेडकी पाहिली, तिच्यातून उतरणारी म्हातारी पाहिली, आणि टॅक्सीत बसलेली म्हातारी दार उघडून टॅक्सी धरत धरत उतरताना पाहिली. त्याने बॉनेट आपल्या हाताने खाली ओढून बंद केले. "इंजिन मागे असतं या गाड्यांना," तो प्राप्तीला म्हणाला. "माहीत आहे मला. दहा मिनिटं. त्याच्यावर एक नाही."

कमळ पिवळ्या गाडीशेजारच्या फटीतून आली. "अवतार बघ तुझा. ग्रीस कपाळाला लागलंय."

"बस आता. बोलू नकोस."

बसवायला दिपेश आणि चांगदेव दोघे लागले. एक गुडघा आत, मग हात धरून दुसरा. टप खाली केला. बेडकी उलटी गल्लीबाहेर निघाली, रेवदंड्याच्या किल्ल्याच्या पडक्या भिंतीतल्या वेशीतून गेली, मासळी वाळत घातलेल्या दांड्यांच्या शेजारून समुद्राशी आली. वास असा की बोलता येईना. कमळचा पदर उडाला तो तिने दातांत धरला. वाळूपाशी अख्तरुन्निसाने गाडी वळवली.

"एवढंच?" कमळ पदर सोडून म्हणाली. "मला वाटलं होतं, काहीतरी होईल."

"काय व्हायचंय?"

"काय माहीत." तिने मागे वळून पाण्याकडे पाहिले. मग म्हणाली, "अजून एकदा वळव."

अख्तरुन्निसाने अजून एकदा वळवली.

टॅक्सीत बसण्यापूर्वी कमळने पायाशी ठेवलेल्या पिशवीतून एक डबा काढून तिच्या हातात दिला. "रवा आहे. उरला. टाकवेना. पंधरा दिवस झालेत, बघून घे." दार लागले. येसाजीने हॉर्न दिला, पिवळी गाडी बाजूला झाली.

परतताना चांगदेव मुरूडच्या पंपापर्यंत सोबत आला. पेट्रोल भरून झाले, टाकीचे झाकण त्याने आपल्या हाताने घट्ट केले, मग म्हणाला, "आता लिवा, आजी." तिने बॉनेटवर वही ठेवून लिहिले.

घरी पोचली तेव्हा दिवस मावळून मगरीबची नमाज होऊन गेली होती. तिने सकाळचे पान काढले. पेट्रोलच्या ओळीवर पट्टीने एकच आडवी रेघ मारली, खालची अक्षरे वाचता येतील अशी. शेजारी लिहिले : हे सकाळी खरे नव्हते. त्याखाली तिघांची नावे लिहिली आणि येसाजीचेही. फेऱ्या दोन, असे लिहिले. मग स्वयंपाकघरात गेली, अर्ध्या तासाने परत आली आणि हात पुसून शेवटची ओळ लिहिली :

कमळकडचा रवा चाळून, भाजून बरणीत भरला. किडे निघाले नाहीत.