तेवीस नंबरचा तंबू

समजा, तुमची मुलगी पाच वर्षांची आहे. शाळेत अजून गेलेली नाही, पण न्याहारीच्या खोक्यावरचा बारीक मजकूर घडाघडा वाचते आणि वर तुम्हालाच विचारते, "मम्मा, यात लोखंड घातलंय म्हणे. मग चमचा का नाही चिकटत?" तुम्ही शहराची बस चालवता. खासगी शाळेच्या फीचा आकडा ऐकूनच तुम्हाला घाम फुटतो. अशात कुणीतरी सांगतं, अगं, सरकारी शाळांतही अशा पोरांसाठी वेगळी तुकडी असते, फुकट. आता शोधा बघू. शिक्षण खात्याला फोन लावा. पहिली बाई दुसरीकडे जोडून देईल, दुसरी तिसरीकडे, आणि तिसरी अगदी गोड आवाजात पुन्हा पहिलीकडे.

वर्लीन पुलियमने हे सगळं केलं. खरी बातमी मात्र तिला तिच्याच बसमध्ये मिळाली. तिच्या सीटच्या मागे दोन आया कुजबुजत होत्या. हॉथॉर्न शाळा. हुशार मुलांची तुकडी. आधी परीक्षा, आणि पास झालेल्यांतून जो आधी येईल त्याला जागा. त्या कुजबुजत होत्या कारण असली माहिती कुणी मोठ्याने सांगत नाही. पण बसचालकाला कान असतात हे लोक नेहमी विसरतात.

ओडेसा परीक्षा पास झाली. जागा होत्या बावीस.

आता 'जो आधी येईल त्याला' याचा आमच्या शहरात अर्थ एकच. तंबू. ऑफिस उघडायच्या आठवडाभर आधी हॉथॉर्नच्या हिरवळीवर तंबूंची रांग लागते. घरातलं कुणीतरी एक माणूस दिवसरात्र तिथे हजर हवं. दिवसातून कधीही शिट्टी वाजते, नावं पुकारली जातात, आणि दोनदा गैरहजर सापडलं की तंबू उचलून रांगेच्या शेपटाला. हे नियम शाळेचे नाहीत, पालकांनीच केलेले. म्हणून तर इतके कडक.

वर्लीनने वर्षभराची रजा एकदम काढली, चर्चच्या डीकनकडून, म्हणजे पाद्रीबुवांच्या मदतनिसाकडून, तंबू मागून आणला आणि ड्यूटी संपवून तशीच गणवेशात हिरवळीवर पोचली. तिच्या पुढे एक बाई तंबूची खुंटी दगडाने ठोकत होती.

"कितवा नंबर तुझा?" वर्लीनने विचारलं.

"बाविसावा," ती बाई म्हणाली आणि एकदम ओशाळली. "तू... तेवीस का गं?"

ती निकोलेट. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला. तिचा डेझमंड ओडेसाच्याच वयाचा. घरातलं घड्याळ खोलून पुन्हा जोडणारा, आणि दोन स्क्रू शिल्लक ठेवूनही ते चालू करणारा.

"कुणीतरी गळतंच गं," निकोलेटने तिला धीर दिला. "दरवर्षी एक तरी गळतो म्हणतात."

वर्लीनची आई अर्नेस्टीन रोज दुपारी ओडेसाला घेऊन यायची, सोबत राजमा-खिम्याच्या चिलीचं पातेलं. लेकीकडे बघून मान हलवायची. "चाळीस वर्षांपूर्वी मी तुला या शहरात काँक्रीटच्या छपराखाली आणलं. आणि तू बघ, गवतात झोपतेस. कशासाठी? तर अभ्यासासाठी!"

"अभ्यास तिने करायचाय, आई. मी फक्त बसायचंय."

"ते तुला चांगलं जमतं. नोकरीच बसायची आहे तुझी."

निकोलेटला रजा मिळाली नव्हती. तिची कामाची पाळी असली की तिचा भाऊ तंबूत बसायचा, आणि बसल्या बसल्या घोरायचा. अशाच एका शिट्टीला तो उठलाच नाही. झालं, एक गैरहजेरी लागली. शिट्टी असायची बर्कमायर नावाच्या इंजिनिअर पालकाच्या गळ्यात. माणूस वाईट नव्हता, पण नियम म्हटला की त्याच्या डोळ्यांत तेज यायचं.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी दुपारी निकोलेटच्या भावाला कामावरून बोलावणं आलं. "ताई निघालीच आहे, पोचेल आता," असं म्हणून तो पळाला. आणि दहा मिनिटांत शिट्टी वाजली.

बर्कमायर पहिल्या तंबूपासून नावं घेत निघाला. तेवढ्यात वर्लीनचा फोन वाजला.

"शिट्टी झाली का गं?" निकोलेट धापा टाकत होती, बसमध्ये बसल्या जागी.

"झाली. कुठली बस?"

"सतरा. कुठल्यातरी चर्चपाशी सिग्नलला अडकलीय."

वर्लीनने मागे पाहिलं. तंबूच्या दारात ओडेसा आजीच्या मांडीला टेकून झोपायच्या पिशवीवरची धुण्याची सूचना वाचत होती. वर्लीनला काही करायची गरज नव्हती. खोटं बोलायची नाही, कुणाला ढकलायची नाही. नुसतं बसायचं होतं, आणि ते तिला चांगलं जमत होतं. दोन मिनिटं गप्प बसली की ओडेसा बाविसावी.

पण दुपारी सतरा नंबरवर चालक म्हणून अर्ल असतो, आणि अर्ल पिवळा दिवा दिसला तरी थांबतो, हे तिला माहीत होतं. माहीत असलेली गोष्ट माहीत नाही असं कसं करायचं? तिने निकोलेटचा फोन ठेवला आणि अर्लचा लावला. "अर्ल, आज पिवळ्या दिव्याला थांबू नकोस बाबा," असं ती सांगणार होती, पण अर्लने नेहमीप्रमाणे उचललाच नाही. मग ती उठली आणि थेट बर्कमायरच्या वाटेत जाऊन उभी राहिली.

"बर्कमायरसाहेब, एक शंका आहे. त्या नवव्या तंबूत गॅसची शेगडी आहे. नियमात बसते का?"

बर्कमायर थबकला. डोळ्यांत तेज आलं. "शेगडी? बंद तंबूत की उघड्या?"

"तेच तर विचारतेय. चेन अर्धी उघडी असेल तर तो तंबू उघडा धरायचा की बंद?"

"चांगला मुद्दा आहे!" तो म्हणाला.

नवव्या तंबूवाला बाहेर आला. "ए बाई, तुला काय त्रास माझ्या शेगडीचा?"

"मला कसला त्रास? मला तर ऊबच हवीय. मी फक्त नियम विचारला."

मग आठव्या तंबूवाला आला, दहाव्यातली बाई आली. अर्धी चेन म्हणजे नक्की किती, यावर इंजिनिअरसाहेबांनी हातवारे करून मापं दाखवली. अर्नेस्टीनने दुरूनच आवाज दिला, "वर्लीन, तुला वेड लागलंय का?" आणि तेवढ्यात रस्त्यावर भोंगा वाजला. सतरा नंबर. दार पुरतं उघडायच्या आत निकोलेट खाली होती. धुलाईखान्याचा निळा अंगरखा, डोक्यावर जाळीची टोपी, आणि हिरवळीवरून धावत धावत आरोळी, "हजर! बावीस हजर!"

"अजून तुझं नाव घेतलंच नाही," बर्कमायर म्हणाला. "आम्ही चेनवर आहोत."

संध्याकाळी अर्नेस्टीनने पातेलं जरा जोरातच आपटलं. "स्वतःच्या पोरीची जागा स्वतःच्या हाताने वाटून टाकलीस."

"माझी कुठे होती ती?"

"होणार होती!"

वर्लीनने चिली मात्र दोनदा वाढून घेतली.

दोन दिवसांनी ऑफिस उघडलं. बावीस पालक हसत बाहेर आले. यंदा कुणीच गळलं नाही. वर्लीनला मिळाला प्रतीक्षेतला पहिला क्रमांक. तो घेऊन तिने वसंत काढला, उन्हाळा काढला. बस चालवताना फोन खिशात नुसता थरथरला तरी पुढच्या थांब्यावर ती तो काढून बघायची. बहुतेक वेळा डीकन असायचा, तंबू परत मागायला.

शाळा उघडल्या. ओडेसा गल्लीच्या टोकाच्या शाळेत गेली. तिथल्या बाई चांगल्या होत्या. वाचनाच्या तासाला त्या तिला तिसरीत पाठवायच्या आणि उरलेल्या वेळी तिच्यापुढे रिकामा कागद ठेवायच्या, काय करायचं ते कर म्हणून. पहिल्याच आठवड्यात बसस्टॉपवर तिने विचारलं, "मम्मा, हॉथॉर्नला बावीसच मुलं का?"

"बावीसच जागा आहेत म्हणून."

"म्हणजे शहरात हुशार मुलं बावीसच आहेत? मोजली कुणी?"

वर्लीन हसली. मग तिचं हसू थांबलं.

आता दर महिन्याला शिक्षण मंडळाच्या सभेत ती गणवेशातच जाते. सामान्य माणसाला तिथे माइकपुढे तीन मिनिटं मिळतात. निकोलेटही येते, स्वतःची तीन मिनिटं मागून घेते आणि माइकपुढे जाऊन एकच वाक्य बोलते, "माझा वेळ मी मिस वर्लीनला देते." गेल्या महिन्यात मागच्या रांगेत बर्कमायरही येऊन बसला होता. शिट्टी आणली नव्हती. मंडळाचे लोक दर वेळी म्हणतात, आपला प्रश्न नोंदवून घेतला आहे.

वर्लीन मान डोलावते, टोपी सरळ करते आणि पुन्हा विचारते, "नोंदवा की. पण ते बावीस कुणी मोजले?"