पानाच्या तळची ओळ

आठवड्याचे पाच दिवस मी दुबईतल्या एका भारतीय शाळेत सायन्स शिकवते आणि शनिवारी सकाळी इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या घरच्या हॉलमध्ये सात-आठ मुलांना मराठी. हे दुसरं काम मला कुणी सांगितलेलं नाही, मीच हौसेने ओढवून घेतलंय. मुलांना मराठी समजतं. आपण मराठीत विचारायचं आणि त्यांनी इंग्रजीत उत्तर द्यायचं, हे आता घरोघरी ठरूनच गेलंय.

शिकवायला साहित्य मी नेटवर शोधते. सांगलीकडच्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंनी तीस पानांचे वाचनपाठ करून सगळ्यांसाठी फुकट ठेवले होते. घ्या, बदला, वाटा. फक्त मूळ कुणाचं आणि तुम्ही काय बदललंत ते पानाच्या तळाला लिहा, एवढीच अट. पाठ उत्तम होते. इतके, की हे आपल्याला का सुचलं नाही म्हणून मला जरा रागच आला.

त्या मार्चमध्ये वर्गात एक दहा वर्षांची मुलगी आली. तिचे वडील शारजाकडच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. कारखाना बंद करायचं ठरलं, खलास. जूनमध्ये सगळे गावी परत जाणार होते. शाळेतल्या हिंदीमुळे पोरीला अक्षरं येत होती, पण मराठी वाक्य आलं की दर शब्दाला ठेच. गावच्या हेडमास्तरांनी फोनवर सांगितलं होतं: धडा वाचून उत्तरं दिली तर पाचवीत, नाहीतर चौथीत.

"मॅडम, तिच्याच वयाची चुलतबहीण पाचवीत आहे," तिची आई म्हणाली. "ही खाली बसली तर घरातली माणसं जन्मभर ऐकवतील हो तिला."

"बसू देते होय मी," असं मी म्हणाले. तेव्हा मला माझ्याबद्दल बरंच वाटायचं.

बाईंच्या पाठांत विहीर होती, पोहरा होता, गोठा होता, शेताचा बांध होता. पोहरा आला की माझी मुलं "व्हॉट्स दॅट?" म्हणून थांबायची आणि अर्धा तास पाण्यात जायचा. शेवटी वैतागून मी सगळं बदलूनच टाकलं. विहिरीच्या जागी लिफ्ट, गोठ्याच्या जागी पार्किंग, एसटीच्या जागी मेट्रो. "पोहरा खाली सोडला, पाणी वर आलं" याचं मी केलं, "लिफ्ट खाली गेली, बाबा वर आले." मुलं घडाघडा वाचायला लागली. अक्षरं मोठी केल्यामुळे तळचा बारीक मजकूर दुसऱ्या पानावर सांडत होता, तो उडवला. त्यात बाईंचं नाव होतं एवढं दिसलं. पुढचं वाचलंही नाही.

आमच्या स्टाफरूममध्ये कुणी दुसऱ्याची वर्कशीट गुपचूप उचलली की "आयत्या बिळावर नागोबा" असं तोंडावर म्हणणारी मी.

"टीचर, हू मेड धिस?" त्या मुलीने एकदा पान उलटंसुलटं करत विचारलं.

"मी," म्हणाले. दोन रविवार बसून शब्द बदलले होते, त्याची घमेंड होती. पुढच्याच महिन्यात तिने नेटवरचं एक चित्र बघून काढलं, वर स्वतःचं मांजर घातलं, आणि मी सगळ्या वर्गाला गंभीर चेहऱ्याने सांगितलं की दुसऱ्याचं घेतलं तर खाली लिहायचं: मूळ कुणाचं, बदल कुणाचा, काय बदललं. तिने ते वहीत उतरवून घेतलं.

जूनमध्ये ती गेली. आठवड्याने तिच्या आईचा व्हॉइस मेसेज आला. हेडमास्तरांनी विहिरीवरचा धडा दिला होता. वाचला तिने नीट. पण पोहरा म्हणजे काय, बांध कुठे असतो, गोठ्यात कोण राहतं, या प्रश्नांवर नुसती उभी राहिली. चौथीत बसवलं. "तुम्ही खूप केलंत मॅडम," असं आई शेवटी म्हणाली. मी दिवसभर त्या हेडमास्तरांना शिव्या घातल्या.

ऑगस्टमध्ये फोनवर एका पानाचा फोटो आला. मुलीने माझा पाठ हाताने नव्याने लिहिला होता, गावातल्या लहान पोरांसाठी. लिफ्ट गेली होती, विहीर आली होती. "पोहरा खाली सोडला, पाणी वर आलं." तळाशी लिहिलं होतं: मूळ, माझी दुबईची टीचर. बदल, मी.

ते वाक्य मी कुठेतरी वाचलं होतं. बाईंची मूळ फाइल उघडली. तेच वाक्य, जवळजवळ शब्दाला शब्द. बाईंचा पाठ तिने कधी पाहिलाही नव्हता. मग मी तळचा बारीक मजकूर पहिल्यांदा वाचला. नावाच्या पुढे बाईंनी लिहिलं होतं: विहीर, पोहरा, गोठा, बांध हे शब्द मुद्दाम घातले आहेत, पुढच्या पुस्तकांत येतात. तुमच्याकडे या वस्तू नसतील तर शब्द काढू नका, चित्र दाखवून शिकवा.

मला भयंकर लाज वाटली. हेडमास्तरांचा काही दोष नव्हता. मुलीला मेसेज केला की मूळ मी नाही, सांगलीकडच्या एक बाई आहेत, आणि त्यांचं नाव पाठवलं.

"बट टीचर, यू सेड यू मेड इट," तिने लिहिलं.

"खोटं बोलले," मी लिहिलं. "आणि तुला लागणारे शब्द मीच काढून टाकले होते. तू चौथीत बसलीस ते माझ्यामुळे."

तिसऱ्या दिवशी त्याच पानाचा नवा फोटो आला. तळची ओळ खोडून तिने तीन ओळी लिहिल्या होत्या. पहिल्या ओळीत बाईंचं नाव. दुसरीत: बदल, माझी टीचर, शब्द काढले. तिसरीत: बदल, मी, शब्द परत घातले.